भरपगारी रजा आणि तोरणमाळ



आमच्या वस्तीतील माणसे फिरत नाहीत, असे कोणी म्हणू नये. 6 डिसेंबरला आम्ही दादरला जातो, अशोक विजयादशमीला नागपूरला जातो. 31 जुलै आली की धुळ्याजवळच्या लळिंगला जातो. तिथल्या लांडोर बंगल्यात 1937 साली बाबासाहेब मुक्कामाला होते. धुळ्याच्या कोर्टात त्यांना एका खटल्याचे काम होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी तिथे यात्रा भरते, आणि भर पावसात डोंगर चढून बंगल्यापर्यंत गेलेली चार-पाच वर्षांची पोरे आमच्या वस्तीत घरोघर सापडतील. याखेरीज लग्नाला जातो, मयतीला जातो, कामाच्या शोधात सुरतेला जातो. पण नुसते बघायला म्हणून, हवा खायला म्हणून कुठे गेलो होतो, असे विचारले तर वस्तीतील जुनी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

यंदाच्या जयंतीनंतर हा विषय निघाला तो मुलांमुळे. बारावीला असलेल्या एका मुलाने मनालीचे नाव काढले. मोबाईलवर बर्फाचे फोटो पाहून मुलांना आता हिमालय ओट्यावर बसल्यासारखा जवळचा वाटतो. आम्ही पेशाने कारकून, म्हणून लगेच कागद घेतला. रेल्वे, पुढची बस, लॉज, गरम कपडे धरून आकडा मांडला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मग त्या मुलाला म्हणालो, बाबा रे, पावसानंतरच्या स्वच्छ हवेत शिरपूरच्या बाजूला उत्तरेकडे बघ. ती जी निळी रेघ दिसते, तो सातपुडा आहे. त्याच्या माथ्यावर तोरणमाळ आहे. उंची सुमारे 1,150 मीटर. शिमल्याच्या ती निम्म्याच्या आसपास आहे हे खरे, पण महाराष्ट्रात महाबळेश्वरनंतर तोरणमाळचे नाव घेतात. आणि मुख्य म्हणजे सकाळी नरडाण्याहून निघालो तर दुपारी तिथे पोहोचतो.

सात कुटुंबांनी भिशी सुरू केली. घरटी आठवड्याला 50 रुपये. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत 28 आठवडे झाले, घरटी 1,400 आणि एकूण 9,800 रुपये जमले.

हे कळल्यावर विहारातल्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला उभे केले. ते म्हणाले, "विहाराचा पत्रा गळतो आहे आणि तुम्हाला सहली सुचतात?" त्यांचा राग आम्ही समजू शकतो. वीस वर्षे ज्यांनी स्वतःच्या खिशातून वर्गणी घातली, त्यांना असे वाटणारच. विहाराच्या वर्गणीतला एक पैसाही यात नाही, हे आम्ही वही उघडून दाखवले. पण त्यांचा प्रश्न पैशाचा नव्हताच. गरिबाने मौजेसाठी खर्च करावा का, हा होता.

यावर आम्ही त्या बैठकीत जे बोललो, ते इथेही लिहितो. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या काळात कारखाना कायद्यात दोन दुरुस्त्या झाल्या. 1945 च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुट्टीचा हक्क मिळाला. 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. त्यांचे संविधानाचे काम सगळ्यांना पाठ आहे, पण ही दोन कामे आमच्यातल्या पुष्कळांना माहीत नाहीत. ज्या माणसाने रात्र रात्र जागून वाचन केले, स्वतः विश्रांती घेतली नाही, त्याने कामगाराच्या विश्रांतीसाठी कायदा आणला. मग ती रजा आपण कशी वापरायची? आम्ही कारकून लोक रजा साठवतो, कोणाच्या आजारपणात खर्च करतो आणि उरलेली बुडवतो.

बैठकीत एक तरुण मागून म्हणाला, "भाऊ, तुम्हाला रजा आहे. आम्हाला तर खाडा पडतो." तो नरडाण्याच्या एम.आय.डी.सी.त ठेकेदाराकडे कामाला आहे. आमच्या सात कुटुंबांतली तीन अशीच. त्याच्या या बोलण्यावर आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. शेवटी शनिवार-रविवार ठरला आणि तिघांनी शनिवारचा खाडा पत्करला.

दिवाळीच्या सुट्टीतला तो शनिवार. लहानमोठे मिळून 23 जण. पहाटे बायांनी कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा कुटला, वांगी भाजून भरीत केले. एस.टी.ने शिंदखेडा, दोंडाईचा करत शहादा गाठायचे, असा बेत होता. महिलांना मार्च 2023 पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर मोफत प्रवास आहे. म्हणून खासगी गाडी नरडाण्यापासूनच करण्यापेक्षा हे स्वस्त पडते. ज्यांना जायचे आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे, आधार कार्ड विसरू नये. आमच्यातल्या एक जिजी शहात्तर वर्षांच्या. कंडक्टरने त्यांना शून्य रकमेचे तिकीट दिले, ते त्यांनी पदराच्या गाठीत बांधून घरापर्यंत परत आणले.

सारंगखेड्याला तापीचा पूल लागतो. दत्तजयंतीला इथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मुलांना खिडकीतून एवढे रुंद पाणी पाहून बोलता येईना. शहादा आले की आम्हाला दुसरीच आठवण येते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला याच तालुक्यात अंबरसिंग महाराज सुरतवंती यांनी भिल्ल शेतमजुरांना उभे केले. 1972 मध्ये श्रमिक संघटना निघाली, गहाण पडलेल्या जमिनींसाठी आणि मजुरीसाठी लढे झाले. आम्ही हे मुलांना स्टँडवर सांगत होतो. मुले उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत होती. मग आम्ही रस पाजला.

शहाद्याहून दोन क्रुझर ठरवल्या. रोख रक्कम इथेच काढून घ्यावी, औषधेही इथेच घ्यावीत. म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. एकूण अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सातपायरी घाटात रस्ता असा वळतो की खालचे वळण पायाखाली दिसते. आमच्यातल्या पाच पोरांना आणि एका मोठ्या माणसाला गाडी लागली. मोठा माणूस कोण, ते सहचारिणीच्या आग्रहास्तव लिहितो : आम्हीच. लिंबू सोबत ठेवावे.

या घाटात जे दिसले ते आधी सांगतो, तलाव आणि दऱ्या नंतर.

वर चढताना समोरून दोन जीपगाड्या खाली येत होत्या. टपावर गाठोडी, पातेली, कळशी, एका टपावर तर दोरीने बांधलेली बाज. आत माणसे दाटीवाटीने बसलेली, मांडीवर पोरे. आमच्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन वाट दिली. तो म्हणाला, "गुजरातमध्ये चालले, ऊसतोडीला. आता होळीलाच येतील परत." धडगाव तालुक्यातले पावरा आणि भिल्ल बांधव दिवाळीनंतर असेच कामासाठी खाली उतरतात, वर्षानुवर्षे. आम्ही विश्रांतीसाठी वर चाललो होतो, आणि ज्यांचा तो डोंगर ते पोटासाठी खाली चालले होते. दोन्ही गाड्या क्षणभर अगदी शेजारी आल्या. त्यांच्यातल्या एका पोराने आमच्या पोराकडे बघितले. जिजी म्हणाल्या, "आम्हीन बी अशाच जायेल शेतस. पोरगं काखमा अन् भांडा डोकावर." त्यानंतर वर पोहोचेपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

माथ्यावर गेल्यावर हवा एकदम बदलते. खाली खानदेशात नोव्हेंबरची दुपार अजून चटका देते, इथे सावलीत अंगावर शहारा येतो. मध्यभागी यशवंत तलाव आहे, यशवंतराव चव्हाणांचे नाव त्याला दिलेले. बाजूला डोंगराचे कडे, काठाने चालायला रस्ता. आमच्या मुली तलावाच्या कडेने हात पसरून धावल्या. वस्तीत धावायला जागा असते कुठे? पलीकडे कमळ तलाव आहे. पावसाळ्यात तो भरला की पाणी ओसंडून सीताखाईकडे जाते. गावाला तोरणमाळ हे नाव तोरण नावाच्या झाडावरून पडले असे सांगतात. पांढरी बारीक फळे येणारे काटेरी झुडूप असते ते.

सीताखाई मात्र बघावीच. सरळ तुटलेला कडा, तळाशी झाडांचा अंधार, आणि त्या वेळी धबधब्याची एक बारीक धार उरलेली. भरात बघायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावे, मात्र तेव्हा धुक्यात पुष्कळदा काहीच दिसत नाही आणि घाटात दरडीची भीती असते. काठाजवळ लहान मुलांचा हात सोडू नये. इथे आवाज दिला की दरी तो परत देते. मुलांना हे कळल्यावर काय झाले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. "जय भीम!" असा एका मुलीने गळा काढला आणि समोरच्या कड्यावरून "...भीम" असे परत आले. मग अर्धा तास दुसरे काही ऐकू आले नाही. जिजी एका दगडावर पाय पसरून बसल्या होत्या. उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणीत गेलेली ही बाई बराच वेळ समोर बघून म्हणाली, "इतली मोठी जागा अन् कोठेच बांध नही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकी पॉइंटला गेलो. चालण्याची सवय असलेल्यांनी लवकर निघावे, डोंगरांच्या एकामागे एक रांगा दिसतात. मच्छिंद्रनाथाची गुहा आहे, गोरखनाथाचे मंदिर आहे. महाशिवरात्रीला इथे फार मोठी यात्रा भरते, शांतता हवी असेल त्यांनी ते दिवस टाळावेत. नागार्जुनाच्या नावाचेही एक ठिकाण इथे आहे. ते नाव ऐकताच आमच्यातल्या दोन तरुणांच्या अंगात आले. "भाऊ, हे आपलेच! आचार्य नागार्जुन!" आम्ही त्यांना जरा थांबवले. शून्यवादाचे आचार्य नागार्जुन थोर खरेच, पण नाथ आणि सिद्धांच्या परंपरेतही नागार्जुन हे नाव येते. नाव सारखे म्हणून माणूस तोच, असे धरायला शिलालेख लागतो, नाणे लागते, काहीतरी लागते. ज्यांनी आपला इतिहास बळकावला त्यांच्यावर आपण इतकी वर्षे टीका केली, तेव्हा पुराव्यावाचून आपणही काही बळकावू नये. पोरांना हे आवडले नाही. एकाने तरीही फोटो काढून ग्रुपवर टाकलाच.

फोटोवरून आणखी एक प्रसंग घडला, आणि तो आम्हाला या सहलीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आदल्या संध्याकाळी एका पाड्याजवळून चाललो होतो. कुडाच्या भिंती, वर कौले, अंगणात मका वाळत घातलेला. हातपंपावर दोन बाया पाणी भरत होत्या, अंगावर त्यांचे चांदीचे दागिने. आमच्यातल्या एका तरुणाने विचारपूस न करता मोबाईल पुढे धरला. एक बाई पाठमोरी झाली. जिजींनी काठी टेकली आणि सगळ्यांसमोर त्याला विचारले, "आपली गल्लीमा येईसन कोनी तुनी मायना असा फोटू काढा ते चाली का तुले?" पोरगा चिडला, पण त्याने फोटो पुसला. रात्री जेवतानाही तो गप्पच होता.

हे लिहून आम्ही शहाणपण मिरवतो आहोत असे कोणाला वाटेल, म्हणून स्वतःचेही सांगतो. सकाळी रस्त्याच्या कडेला एक पावरा बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. नोव्हेंबरमध्ये इथल्या जंगलातली सीताफळे फार गोड असतात. पाटीचे तिने दीडशे सांगितले. आम्ही सवयीने म्हणालो, "शंभरला दे." ती काही बोलली नाही, नुसती पाटीकडे बघत राहिली. दर 1 मेला आम्ही मजुरीच्या दरावर भाषण ठोकतो, हे त्याच क्षणी सहचारिणीने आठवण करून दिले. दीडशे दिले. पाटीभर सीताफळे झाडावरून उतरवून डोक्यावर इथवर आणायला किती वेळ लागला असेल, हे विचारायची आम्हाला भाषा येत नव्हती. जिजींना येत होती असे नाही, पण अहिराणी आणि पावरी यांत काही शब्द जुळतात, काही हातवाऱ्यांनी भागते. त्या दोघी पाऊण तास बोलत बसल्या. जिजींनी तिला कळण्याची भाकर दिली, तिने मूठभर आमचूर बांधून दिले. धडगावकडचे आमचूर प्रसिद्ध आहे. एप्रिल-मेमध्ये कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळवतात. कष्ट सगळे इथले, मोठा नफा मात्र खाली व्यापाऱ्याकडे. घरी नेण्यासाठी काही घ्यायचे असेल तर प्लास्टिकची खेळणी घेऊ नयेत, आमचूर घ्यावे, आणि थेट या बायांकडूनच घ्यावे.

थंड हवेच्या गावांचा इतिहासच असा आहे. शिमला 1864 पासून इंग्रज सरकारची उन्हाळी राजधानी झाली. साहेब वर जाऊन गारव्यात बसले, पण त्यांना, त्यांच्या मडमांना आणि त्यांच्या पेट्यांना वर ओढणारा हमाल त्याच चढावर घामाने भिजत होता. आपल्याकडे माथेरान 1850 मध्ये मॅलेट नावाच्या कलेक्टरने शोधले म्हणतात, जसे काही त्याआधी तिथे कोणी राहतच नव्हते. त्या माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत असे, आणि हे आपल्या काळापर्यंत चालले. ऑगस्ट 2025 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. आमच्या मुलांना हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "बसणाऱ्याला लाज कशी वाटत नव्हती?" तिला काय सांगणार? सीताफळांची गोष्ट ताजी होती.

आता राहिलेला हिशोब. हिशोब दिल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही.

दोन क्रुझर, जाणे-येणे आणि एका रात्रीचा थांबा धरून 5,600. राहण्याच्या दोन खोल्या 2,400. खोल्यांत बाया आणि मुले, पुरुष ओसरीवर. किराणा आणि चहा 1,475. एकूण 9,475. एस.टी.चे भाडे ज्याचे त्याने दिले. पर्यटन महामंडळ आणि वनखाते यांच्याकडेही मुक्कामाची सोय असते, पण शनिवार-रविवारी आधी चौकशी केल्याशिवाय जाऊ नये. प्रत्येकी एक ब्लँकेट घ्यावेच. आम्ही चादरीवर भागेल म्हणालो आणि पहाटे चार वाजता शेकोटीपाशी जाऊन बसलो. मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही. मुलांनी त्याची तक्रार केली, नंतर लपंडाव खेळली. कचरा पिशवीत भरून खाली आणला, एवढे तरी पोरांनी न सांगता केले.

परतीला घाटात पुन्हा एक जीप पुढे होती, तशीच गाठोड्यांनी भरलेली. यावेळी आमच्या पोरांनी हात हलवले. त्यातल्या एका पोरीने उलटा हात हलवला.

सोमवारी आम्ही कचेरीत वेळेवर हजर झालो. ठेकेदाराकडच्या तिघांचा शनिवारचा रोज गेला तो गेलाच. तो खाडा पुढच्या वेळी भिशीतून भरून काढता येईल का, यावर सध्या विहाराच्या ओट्यावर चर्चा चालू आहे. आमचे मत भरून काढावा असे आहे, दोन घरांचे मत वेगळे आहे. विहाराच्या पत्र्याची वर्गणी वेगळी सुरू झाली असून बैठकीत रागावलेल्या त्या ज्येष्ठांनी सीताफळे मात्र आवडीने खाल्ली.

शिल्लक 325 रुपये पुढच्या भिशीत जमा धरले आहेत. कुठे जायचे ते ठरलेले नाही. मुले माथेरान म्हणतात, बाया लळिंगला मुक्काम करायचे म्हणतात. जिजींना विचारले तर त्यांनी तोरणमाळच सांगितले आणि वर म्हणाल्या, "पुढना साले दोन राती ऱ्हाऊत."